तुम्ही विचारलंत म्हणून: मला स्टार्ड्यू व्हॅली का सोसत नाही

"शेतकऱ्याचा पोरगा असून तुला शेतीचाच गेम आवडत नाही?" सहा-सात वर्षं झाली, हा प्रश्न काही पिच्छा सोडत नाही. लातुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं येणारी पोरं विचारतात. पुण्याला गेलेले वर्गमित्र विचारतात. गेमवर मराठीत लिहितो म्हणून मला न पाहिलेली माणसंही विचारतात. आजवर मी "चित्रं जुनाट वाटतात", "वेळ फार खातो" असं काहीतरी सांगून विषय टाळत आलो. ते खरं नव्हतं. चित्रं सुंदर आहेत.

गेम तुम्हाला माहीत आहेच. आजोबांचं पत्र येतं, शहरातली नोकरी सोडून आपण त्यांच्या पडीक शेतावर जातो. तिथं पेरायचं, पाणी घालायचं, काढायचं, विकायचं. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चारेक वर्षं खपून हे सगळं केलं. चित्रं त्याची, संगीत त्याचं, संवादही त्याचेच. ४ कोटींच्या वर प्रती खपल्यात. त्या माणसाबद्दल मला आदर आहे, आणि पुढे जे लिहितोय ते त्याच्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरी कुणीतरी म्हणेलच की याला दुसऱ्याचं यश बघवत नाही.

मला खुपतं ते पाणी. शेताच्या कडेला तळं असतं. झारी बुडवली की भरते. वर्षभर बुडवा, दहा वर्षं बुडवा, तळ्याची पातळी केसभरही खाली जात नाही. टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि ते चुकत नाही. पाऊस आला की सगळे वाफे आपोआप भिजतात, त्या दिवशी झारीला सुट्टी. पेरलेलं उगवतंच. दुबार पेरणी हा शब्द त्या गावाला ठाऊक नाही. माल लाकडी पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा. आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, ओलावा जास्त आहे म्हणून कट्ट्यामागे, म्हणजे पोत्यामागे, कापणं नाही. आणि कितीही माल आणा, भाव पडत नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्याच बाजारात लोक चार हजारांच्या आसपास घालून घरी जात होते. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर ज्यांनी दहा हजारांचा भाव पाहिला होता, तीच ही माणसं.

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं. अरे, तो गेम आहे. पबजीत माणूस मरतो आणि पुढच्या डावात परत उडी मारतो, तेव्हा तू काही बोलत नाहीस. बरोबर आहे. पबजी मी २०२० च्या सप्टेंबरात बंदी येईपर्यंत रोज खेळलो आणि कुठल्या सैनिकाला काय वाटेल याचा एकदाही विचार केला नाही. हे मला मान्य आहे. सैन्यातल्या कुणी येऊन मला हेच सुनावलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

पण पबजी खेळून कुणी मला युद्ध शिकवायला आलं नाही. शेती शिकवायला आले. पुण्यातला एक मित्र, चांगला माणूस, सलग दोन महिने हा गेम खेळला आणि जेवताना म्हणाला, "नीट प्लॅनिंग केलं, पीक बदलत गेलं, तर शेती परवडते. तुमच्याकडचे लोक कष्टाला कमी पडतात का रे?" तो चिडवत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. हातातला घास खाली ठेवून मी उठलो. पुढचं वर्षभर आमचं बोलणं बंद होतं.

आता ते सांगतो, जे टाळत होतो.

हा गेम बाजारात आला २६ फेब्रुवारी २०१६ ला. त्या वर्षी आमच्याकडे काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको, पण लातूरबाहेरच्यांसाठी एवढंच: मांजरा धरण कोरडं पडलं होतं, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. मी तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतो. आमचं शेत औसा तालुक्यात. विहीर जानेवारीतच उघडी पडलेली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मे महिन्यात बोअर घ्यायचं ठरवलं.

पाणी कुठं लागेल ते सांगणारा पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो बांधाबांधाने फिरला, आणि चिंचेच्या खालच्या अंगाला नारळ उभा राहिला. तिथं आम्ही चुन्याने फुली मारली. बोअर पाडायची गाडी तमिळनाडूची होती. त्या दिवसांत गाड्यांना इतकी मागणी होती की आमचा नंबर रात्री अकराला लागला. कायद्याने शेतीच्या बोअरला ६० मीटरच्या खाली जाता येत नाही, म्हणजे दोनशे फूट. हे मला तेव्हाही माहीत होतं. गावात ते कुणी पाळत नव्हतं, आम्हीही पाळलं नाही.

ज्यांनी बोअर पाहिला नाही त्यांना तो आवाज सांगता येणार नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला की दातांत कंप येतो. भोकातून फुफाटा उडतो आणि त्या फुफाट्याच्या रंगावरून सगळे अंदाज बांधत बसतात. आधी पिवळा मुरूम आला. मग काळ्या दगडाची राखाडी भुकटी. दोनशेच्या आसपास तांबडा गेरू लागला तेव्हा सगळे उठून उभे राहिले, कारण दोन थरांच्या सांध्यात पाणी असायची आशा असते. भुकटी जरा दमट आली. अण्णांनी ती मुठीत दाबली, वास घेतला. लाडू वळतो तशी ती वळली. पुढच्या रॉडला परत कोरडी.

एक रॉड वीस फुटांचा. मी गाडीच्या पत्र्यावर खडूने रेघा मारत होतो. बाविसाव्या रेघेला, म्हणजे चारशे चाळीस फुटांवर, अण्णांनी हात वर केला. "बास. बंद करा."

तेव्हा मी म्हणालो, "अजून दहा रॉड जाऊ द्या."

मीच म्हणालो. पाणाड्या नाही, गाडीवाला नाही. अण्णा थांबत होते. नव्या ग्राफिक कार्डासाठी मी अठरा हजार साठवले होते. "वरचे पैसे माझे," असं सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पोराने पैसे काढलेत तर नाही कसं म्हणायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आज मला ते दिसतं, तेव्हा दिसलं नाही. खाली जावं तसा फुटाचा दरही वाढत जातो, तो हिशेबसुद्धा मी केला नाही. पोलाद पाषाणावर आपटत राहिलं, राखाडी भुकटी उडत राहिली, आणि पहाटे चारच्या सुमाराला सहाशे चाळीस फुटांवर गाडी बंद झाली. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. सगळ्यांच्या भुवया, मिशा, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. अण्णांनी भोकात एक खडा टाकला आणि कान लावून बसले. खाली पडल्याचा आवाज काही आला नाही. बिल साठ हजारांच्या घरात गेलं.

नंतर वाचलं, समजून घेतलं. आपल्याकडचा काळा पाषाण मुळात पाणी धरत नाही. पाणी असतं ते त्याच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधे, आणि जितकं खाली जावं तितक्या भेगा कमी होत जातात. चारशे चाळीसला थांबणं हेच शहाणपण होतं. अण्णांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं, तरी कळत होतं.

मग मी का म्हणालो? यावर फार विचार केलाय. सातवीपासून मी गेम खेळतोय. लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत रुपयाच्या टोकनवर मुस्तफा नावाचा गेम खेळत वाढलो. गेमने मला एक गोष्ट हाडात भरवली, की रेटत राहिलं की पुढचा टप्पा येतो. अजून एकदा, अजून थोडं. गेम बनवणाऱ्याने पलीकडे काहीतरी ठेवलेलंच असतं. त्या पहाटे मी पाषाणासमोर उभा होतो आणि डोक्यात गेम चालू होता. खाली कुणी काही ठेवलेलं नव्हतं.

स्टार्ड्यू व्हॅली मी पहिल्यांदा लावला २०१८ ला. त्यात विहीर बांधता येते. हजार नाणी आणि पंचाहत्तर दगड द्यायचे, रॉबिन नावाची सुतारीण बांधून देते. पाणी लागलं की नाही, हा प्रश्नच नाही. बांधली म्हणजे लागलं. बहुतेक खेळणारे ती बांधतही नाहीत, कारण तळं आहेच. मी बांधली. बांधून झाल्यावर झारी बुडवली, ती भरली, आणि मी लॅपटॉप मिटवून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

माझं भांडण हे आहे. हा गेम शेती खोटी दाखवतो म्हणून नाही, खोटं सगळेच दाखवतात. ‘हे डे’ नावाच्या गेममध्ये गहू दोन मिनिटांत येतो आणि त्याला पाणीच लागत नाही, माझी वहिनी तो रोज खेळते, मला काही वाटत नाही. स्टार्ड्यू मात्र कष्टाचं दाखवतो. घाम गाळ, लवकर ऊठ, नीट आख, की मिळेलच. मग ज्याला मिळालं नाही, त्याचं काहीतरी चुकलं असणार. माझ्या मित्राने जेवताना विचारलं ते इथूनच आलं. अण्णांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं, आणि तेसुद्धा जास्त कष्ट करायला लावले म्हणून.

फ्रॉस्टपंक हा २०१८ चाच गेम बर्फात गारठलेल्या शहराचा आहे. कोळसा पुरत नाही आणि कुणाला ऊब द्यायची, कुणाला नाही, हे ठरवावं लागतं. मी दुकानात सांगतो की मराठवाड्याच्या सर्वांत जवळचा गेम तो आहे. पोरं माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. बघू देत. टँकर कोणत्या गल्लीत आधी रिकामा करायचा यावरून भांडणं झालेली ज्याने पाहिली, त्याला तो गेम समजावून सांगावा लागत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर आणखी एक कबुली द्यावी लागते, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही. विहीर बांधली त्या रात्रीनंतरही मी तो गेम खेळत राहिलो. एकशे साठ तास. २०१८ चा पाऊसही दगा देऊन गेला होता, दुकान नवीन होतं, हप्ते होते, आणि झोप लागत नव्हती. रात्री दोन वाफे भिजवून मी झोपायचो. त्या वेळी मीच ओळखीच्या दहाजणांना लिहिलं होतं, "मनाला इतका विसावा देणारा गेम दुसरा नाही." तो मजकूर काढून लोक आता मला दाखवतात. खरंय, मीच लिहिलाय. तेव्हाचा मी आता समोर आला तर म्हणेल, तुला झोप मिळाली ना, मग तक्रार कशाची? मी म्हणेन, ज्या पाण्याने झोप मिळाली ते पाणी नव्हतंच. तो म्हणेल, झोप तर खरी होती. इथं येऊन मी दरवेळी अडतो.

आणि एक. त्याच हिवाळ्यात अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्या खोलीवर आठ-दहा दिवस राहिले. एका रात्री मागे येऊन बसले.

"काय हाय ते?"

"शेतीचा गेम हाय, अण्णा."

"पाणी कुठलं?"

"तळं हाय."

"आटत न्हाई?"

"न्हाई."

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, दुखावले. सकाळी चहा घेताना एका डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन ते म्हणाले, "रातच्याला तिकडं पाऊस झाला का?" मी झाला म्हणालो. मग रोज विचारू लागले. गेममध्ये शरद ऋतू चालू होता, त्यांच्यासाठी म्हणून मी भोपळा लावला. तो तेरा दिवसांत येतो. मी रात्री एखादाच दिवस पुढे ढकलायचो, त्यामुळे ते गावाकडे परतले तेव्हा भोपळा अजून वेलावरच होता.

तीन-चार दिवसांनी त्यांचा फोन आला. घरचं सगळं बोलून झाल्यावर विचारलं, "भोपळा निघाला का?"

"निघाला."

"काय भावानं गेला?"

"तीनशे वीस."

"समद्याचे?"

"एका भोपळ्याचे."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "समदे एकदम नको नेऊस. भाव पाडत्याल."