कंपनीची गाडी शाळेत शिरण्याआधी

जानेवारी संपत आला की जिल्हा परिषद शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन येऊ लागतात. "सर, सीएसआरचा निधी आहे, ३१ मार्चच्या आत खर्च करायचाय. शाळेला काय पाहिजे सांगा." सर आनंदानं हो म्हणतात. त्यांचं चुकत नाही, कारण खोल्या गळत असतात. पण कंपनीची मदत शाळेला लाभणार की डोईजड होणार, हे त्या फोननंतरच्या पंधरा दिवसांत ठरतं. या पंधरा दिवसांत शाळेला आणि गावाला जेवढे अधिकार आहेत, तेवढे बहुतेक ठिकाणी वापरलेच जात नाहीत.

आधी घाईबद्दल. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हाच सीएसआरचा निधी. पण काम एकाहून अधिक वर्षं चालणारं असेल तर उरलेले पैसे आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येतात. म्हणजे "मार्चच्या आत घ्या, नाहीतर पैसे जातील" हे दर वेळी खरं नसतं. मार्चमध्ये उतरवलेले टॅब आणि बॅटऱ्या मराठवाड्याच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत जूनपर्यंत पडून राहतात. वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून चालू झालेली असते. म्हणून वॉरंटी वस्तू बसवून चालू करून दिल्याच्या तारखेपासून मोजायची, असं करारात लिहून घ्या.

करार कुणाच्या संमतीनं करायचा? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून "किंवा इतर कोणत्याही स्रोतातून" आलेल्या निधीच्या वापरावर देखरेख ठेवणं हे या समितीचं काम आहे. त्या "इतर स्रोतात" कंपनीही येते. कलम २२ प्रमाणे समितीला शाळा विकास आराखडाही करायचा असतो. कंपनीचा माणूस आला की हा आराखडा त्याच्यासमोर ठेवा. मुलींचं स्वच्छतागृह पहिल्या क्रमांकावर असताना रंगकामाला होकार देऊ नका. ठरावात वस्तू, संख्या, अंदाजे किंमत आणि देखभाल कुणाची, एवढं नाव घेऊन लिहा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. बांधकाम असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची तांत्रिक मान्यता हवी आणि जागा कुणाच्या नावावर आहे तेही बघायला हवं.

रंगकामात पैसा वाया जायचं आपल्याकडे एक ठरलेलं कारण आहे. निजामकालीन खोल्या धोकादायक ठरून त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या बाद करून पाडण्याचा, प्रस्ताव गेलेला असतो आणि त्याच भिंती धडे-चित्रं रंगवून "बोलक्या" केल्या जातात. वर्षभरानं चित्रांसकट भिंत पाडावी लागते. कोणत्या खोल्या निर्लेखनात आहेत, त्याची यादी पहिल्याच बैठकीत द्या.

सगळ्यात जास्त रखडतं ते देखभालीत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत मुलं असतील तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असतील तर २५ हजार. खडू, रजिस्टर, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, सगळं त्यातच. आता ४० मुलांच्या शाळेत डिजिटल पॅनल आणि दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर बसला असं धरा. १५० एएचची बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. एकीला १५ हजारांच्या आसपास, म्हणजे दोन मिळून अख्ख्या वर्षाच्या अनुदानापेक्षा जास्त. त्यात वीज थकबाकीपायी तुटलेली असली तर पॅनलवर कपडा टाकून ठेवणं एवढंच उरतं. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचंही तसंच आहे. बोअरचं पाणी जड, त्यानं आतला गाळणारा पडदा लवकर चोंदतो. यंत्र शुद्ध करतं त्याच्याइतकं किंवा त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं. आणि एप्रिलमध्ये बोअर आटला की यंत्र कोरडंच. जिथं टँकर येतो तिथं आरओपेक्षा मोठी साठवण टाकी आणि छतावरच्या पावसाच्या पाण्याची सोय मागणं शहाणपणाचं. आरओच हवा असेल तर आधी पाणी प्रयोगशाळेत तपासा. पाच वर्षांची देखभाल कंपनीच्या खर्चानं, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार, तो कोणत्या गावाहून येणार, हे कागदावर घ्या. वस्तू आली त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, किमतीसह नोंद करा. नोंद नसेल तर बदलून येणाऱ्या मुख्याध्यापकाच्या लेखी ती वस्तू शाळेची नसतेच.

नावाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकतो. १८ सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी ५० लाख किंवा दहा वर्षांसाठी १ कोटी रुपये मूल्याच्या वस्तू-सेवा देऊन दत्तक घेता येते. रोख देता येत नाही, पण देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला तेवढ्या काळासाठी जोडता येतं. ही नावाची तरतूद काढून टाकायला हवी. गावानं जमीन दिली, लोकवर्गणी केली, तेव्हा कुणी पाटी मागितली नव्हती. तोवर समितीनं एवढं तरी करावं: आभाराची एक पाटी, दीड फूट बाय एक फूट, व्हरांड्यात. गणवेश, दप्तर, वही आणि वर्गातल्या भिंतीवर काहीही नको. सीएसआरच्या नियमांतही उत्पादनाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व सामाजिक खर्च धरलं जात नाही, हे कंपनीच्या माणसाला सांगता येतं. खाऊच्या कंपन्यांसाठी २०२० चे अन्नसुरक्षा नियम आहेत: जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तंबाखूला १०० यार्डांची मनाई वेगळी.

आणखी एका गोष्टीवर हल्ली बारीक लक्ष ठेवावं लागतं. फुकट ॲप देताना मुलांची नावं, पालकांचे मोबाईल नंबर, गुण, फोटो मागितले जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई अशी तरतूद आहे. पटाची यादी तशीच पाठवू नका. हजेरी क्रमांकावर काम भागत असेल तर नाव नको. बीड, जालना, परभणीतल्या ऊसतोडीच्या गावांत तर संमतीची सभा दसऱ्याच्या आत घ्यावी लागते. त्यानंतर आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात. मागं आजी राहते, आणि कागदावर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवायला घरात कुणी नसतं.