पिस्तूल कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीच्या पंगतीत विचारलंत, पुण्याहून फोन करून विचारलंत, दाताच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना विचारलं: "तुम्ही घरात पिस्तूल कशाला ठेवलंय हो?" इतकी वर्षं टेक्सासात काढली, पण या प्रश्नाचं धड उत्तर मी एकदाही दिलेलं नाही. हसून विषय बदलला, नाहीतर चिडलो.

पूर्वी मी 'स्वसंरक्षण' म्हणायचो. ते म्हटलं की लोक गप्प बसतात. खरं सांगायचं तर ज्या तीन वर्षांत मी हे उत्तर देत होतो, त्या काळात माझं पिस्तूल सुटे भाग होऊन श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पडलेलं होतं. चोर आला असता तर मी त्याला फार तर स्प्रिंग फेकून मारली असती.

आमचे आप्पा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. खंडेनवमीला बाक धुऊन त्यावर कानशी मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि त्या दिवशी मला एक कानस हातात धरू द्यायचे. मी पुढे कॉम्प्युटरवाला झालो. वीस वर्षं जे काही केलं ते बोटांना कधी लागलं नाही. ग्रीन कार्ड २०१४ साली आलं (त्याआधी व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक बाळगणं जवळजवळ बंदच), आणि पुढच्या वर्षी मी एक फ्रेम, म्हणजे पिस्तुलाचा खालचा सांगाडा, विकत घेतली. कायद्याच्या लेखी ती फ्रेम हीच बंदूक. नंबर तिच्यावर, फॉर्म आणि पोलिसी चौकशी तिच्यासाठी. बाकीचे भाग चक्क टपालानं येतात. हे तुम्हाला भयंकर वाटतं. मलाही पहिलं पार्सल दारात पडलेलं पाहून वाटलं होतं.

मला हवं होतं ते 'कमांडर' नावाचं पिस्तूल. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी बंदूककाराचं '१९११' हे मूळ मॉडेल म्हणजे पाच इंची नळीचं, अवजड. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराला अधिकाऱ्यांसाठी हलकं पिस्तूल पाहिजे होतं. कोल्ट कंपनीनं नळी सव्वाचार इंचांवर आणली, फ्रेम ॲल्युमिनियमची केली. लष्करानं ते घेतलं नाहीच, मग कंपनीनं ते कमांडर म्हणून बाजारात आणलं. माझी फ्रेम पोलादी, कारण मला कानस चालवायची होती आणि पोलाद चुका जरा उशिरा दाखवतं. ब्राउनिंग १९२६ साली बेल्जियममधल्या लिएज शहरात वारला, तोही कारखान्यातच, काम करता करता. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नशीबवान."

"मग घड्याळं दुरुस्त कर की," असं आमची हिच म्हणते. बरोबर आहे, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नाही. घड्याळातही तेवढाच बारकावा असतो. पण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, फ्रेमवर बसवताना जे होतं ते मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. ती तेल लावल्यावर स्वतःच्या वजनानं घसरली पाहिजे आणि हलवून पाहिली तर डुगडुगता कामा नये. या दोहोंमध्ये जागा असते २५-३० मायक्रॉनची. निळा रंग लावायचा, सरकवून पाहायचं, जिथे रंग पुसला गेला तिथे दोन हात मारायचे, पुन्हा रंग. असे माझे दोन हिवाळे गेले. आप्पा व्हिडिओ कॉलवर बघायचे आणि एकच गोष्ट बजावायचे: "काढलेलं परत लावता येत नाही, सावकाश." पिस्तूल आहे याचं त्यांना काही नव्हतं, मी कानस उलटी ओढतो याचा मात्र राग यायचा.

आता ते सांगतो, जे पंगतीत सांगता येत नाही.

डिसेंबर २०१८. पिस्तूल पूर्ण झालं होतं, दोनशे गोळ्या बिनतक्रार झाडून झाल्या होत्या. फक्त ट्रिगर मला जड वाटत होता. गोळी उडवणारा छोटा हातोडा, म्हणजे हॅमर, धरून ठेवणारा सिअर नावाचा एक तुकडा असतो, नखाएवढा. त्याच्या धारेवर मी दगड फिरवला. थोडा. मग आणखी थोडा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, हात चांगला चालला होता, आणि ट्रिगर असा झाला की लोणी. आप्पांना फोन केला नाही. भारतात सकाळ होती, करता आला असता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मुलगी पंधरा वर्षांची होती, तिला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेलो. ट्रिगरवर काही काम केलं की आधी मॅगझिनमध्ये एकच गोळी भरायची, मग दोन, आणि सगळं ठीक दिसलं तरच पुढे जायचं, हा नियम मला पाठ होता. मी तो दुसऱ्यांना शिकवलेला आहे. त्या दिवशी सातही भरल्या. ती बघत होती ना.

एकदा दाबलं. दोन आवाज झाले. इतके लागोपाठ की पहिल्या क्षणी मला वाटलं शेजारच्या लेनमधून कुणीतरी झाडली. पण हात कपाळापर्यंत वर गेला होता आणि छताला लावलेल्या पत्र्यातून धूळ गळत होती. दुसरी गोळी तिथे गेली होती. म्हणजे हॅमर सिअरवर टिकलाच नाही, आपोआप पुन्हा सुटला. आत आणखी पाच होत्या आणि मला बोट उचलायचं सुचत नव्हतं. रेंजचा माणूस आला, अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, टेबलावर ठेवा आणि मागे या." त्यानं पिस्तूल रिकामं केलं, मला एकच प्रश्न विचारला: "ट्रिगरचं काम कुणी केलं?" मी म्हटलं, "मीच." तो काहीच बोलला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मुलगी माझ्यामागे चार फुटांवर उभी होती. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "बाबा, ते तसं व्हायचं होतं का?" मी म्हणालो, "नाही." घरी येईपर्यंत तेवढंच. ती पुन्हा कधी रेंजवर आली नाही. हिला मी ते आठ महिन्यांनी सांगितलं. आप्पांना सांगितलंच नाही. ते गेले.

यावर तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच विकून का नाही टाकलंस? मी स्वतःलाही म्हणालो. सुरीनं बोट कापलं म्हणून कुणी स्वयंपाक सोडतं का, हे माझं तेव्हाचं उत्तर. आज ते मला पटत नाही. सुरी चुकली तर ज्याच्या हातात असते त्याचं बोट कापतं.

मे २०२२ मध्ये युवाल्डीला शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. आमच्या सॅन अँटोनिओपासून दीड तासावरचं गाव. मुलगी तेव्हा कॉलेजात. तिनं रडत फोन केला, आणि मी, तिचा बाप, काय बोललो असेन? "ती रायफल होती गं." खरंच होती. पण ते वाक्य तोंडातून निघालं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तूही एकदाच दाबलं होतंस."

इथे बंदुकीनं जेवढी माणसं मरतात त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हेही मला माहीत आहे. म्हणून तिजोरी. गोळ्या वेगळ्या खोलीत. तिजोरीचा नंबर मी आणि ही दोघांनाच ठाऊक. यानं तुमचं समाधान होणार नाही, माझंही अर्धंच होतं. तुमच्या मुलांना आमच्याकडे खेळायला पाठवायचं नसेल तर मला राग येत नाही. येतो, पण तो माझ्याजवळ ठेवतो. फक्त मला 'काउबॉय' म्हणू नका. मी भोसरीच्या फिटरचा मुलगा आहे.

खराब केलेला सिअर आप्पांच्या तंबाखूच्या डबीत आहे. पिस्तुलात नवा आहे, दुकानातल्या कारागिरानं बसवलेला. ट्रिगर जड लागतो. खंडेनवमीला मी कानशी मांडतो. पिस्तूल मांडू का, असं एकदा हिला विचारलं होतं. नको म्हणाली, तेव्हापासून मांडत नाही.

महिन्यातून एकदा रेंजवर जातो. ट्रिगरला कुणी हात लावलेला नसला तरी आधी एक गोळी भरतो, मग दोन. शेजारच्या लेनमधली पोरं बघून हसतात.