हेरल्डचा क्लच आणि अडलेला पाऊण इंच

आमच्या स्टँडर्ड हेरल्डचा क्लच दाबायला काहीच त्रास नव्हता. त्रास होता पाय काढल्यावर. पेडल वर यायचं, पण शेवटचा पाऊण इंच राहून जायचा. बुटाच्या चवड्याने खालून जरा उचललं की टक्कन जागेवर. शहरात चालवताना हे खपून जातं. रत्नागिरीहून हातखंब्याच्या चढाला लागलं की मात्र इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी रेंगाळायची. क्लच घसरत होता, म्हणजे इंजिनाचा जोर पुरता चाकांपर्यंत पोचत नव्हता. त्यातही सकाळी थंड गाडी गुमान चढायची, इंजिन तापलं की घसरायची. ही गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती, कारण क्लचप्लेट झिजली असेल तर ती थंडपणीही दगा देणारच.

ज्यांनी हेरल्ड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९५९ साली इंग्लंडात ट्रायम्फने ही गाडी आणली, तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्डने ती आपल्याकडे बनवली, ९४८ सीसीच्या इंजिनाची. पुढचं अख्खं नाक मडगार्डांसकट पुढे कलंडतं आणि सगळं इंजिन समोर उघडं पडतं. आमची चार दारांची आहे, हा अवतार फक्त भारतात झाला.

सल्ले भरपूर मिळाले. निम्मे लोक म्हणाले, प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवा. हेरल्डचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून काढावा लागतो: सीट काढा, मधलं कव्हर काढा, मग तो वजनदार गोळा मांडीवर घेऊन बाहेर आणा. नुसत्या संशयावर हे कोण करणार? उरलेले म्हणाले, मास्टर सिलिंडर बदला, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल क्लचकडे ढकलणारी ती नळकांडी. बदला म्हणणं सोपं आहे. या गाडीचा नवा सिलिंडर दुकानात जाऊन मागितला तर दुकानदार आधी गाडीबद्दल विचारतो, मग हसतो.

आमचे जुने मिस्त्री आता गॅरेजात बसत नाहीत, पण फोनवर असतात. त्यांनी एवढंच सांगितलं, "वायच थांबा. आधी एकेक गोष्ट सुटी करा. मग सिलिंडराला शिव्या घाला."

तसंच केलं. पेडल अडलेलं असतानाच स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे क्लचपाशी तो दाब घेणाऱ्या दुसऱ्या सिलिंडरचा, निपल (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) सैल केला. त्यासाठी गाडीतलं मधलं पुठ्ठ्याचं कव्हर काढावं लागतं, पण तेवढंच. निपल सुटताच ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली. म्हणजे पाय काढलेला असूनही लाइनमध्ये दाब शिल्लक होता. दाब गेला, तरी पेडल जिथल्या तिथे. याचा अर्थ अडथळा स्लेव्हमध्ये किंवा होजमध्ये, म्हणजे मधल्या रबरी नळीत, नाही. होज आतून फुगून वाट अडवतो, हा जुन्या गाड्यांचा ठरलेला आजार, पण इथे तो नव्हता.

मग पेडल आणि पुशरॉड (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी) जोडणारी पिन. डोकं पेडलांशी आणि पाय सीटवर, अशा अवस्थेत गंजलेली स्प्लिट पिन सरळ करून ओढणं हा या कामातला सगळ्यात वाईट भाग. पिन निघाली आणि पेडल स्प्रिंगच्या जोरावर फटकन वर आलं. बुशला तेल आहे, स्प्रिंग शाबूत आहे. पुशरॉड मात्र हाताने दाबून सोडला की शेवटी अडायचा. गुन्हेगार मास्टर सिलिंडरच निघाला, पण आता पुराव्यानिशी.

सिलिंडर टेबलावर आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारी टोपी, हातात घेतला. कडेला फाटलेला, आणि आत विटेच्या भुकटीसारखा लाल चिखल. सर्कलिप काढून पिस्टन बाहेर घेतला. टॉर्च धरून पाहिलं तर बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते भोक, आतपर्यंत लख्ख, आणि तोंडाशी बोटाच्या पेराएवढ्या रुंदीचा गंजाचा पट्टा. नख फिरवलं तर अडत होतं. आतला भाग ऑइलमध्ये असतो, तिथे काही झालं नव्हतं. तोंडाचा भाग कोरडा, त्याला वाचवतो तो फक्त बूट. रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, समुद्राजवळ राहणाऱ्या माणसाला खारा वारा काय करतो हे वेगळं सांगायला नको. खिडकीचे गजसुद्धा दर दोन वर्षांनी रंग मागतात. पावसाळ्यात पायाखालचं मॅट ओलं राहतं ते वेगळंच.

पेडलचा पाऊण इंच म्हणजे पिस्टनचे जेमतेम तीन-चार मिलिमीटर. पण या गर्लिंग सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्ण मागे आला तरच दुसऱ्या टोकाचा छोटा व्हॉल्व्ह उचलला जातो आणि ऑइलला सिलिंडरवरच्या डब्यात परतायची वाट मिळते. तो उचललाच नाही तर ऑइल कोंडलेलं राहतं. इंजिन तापलं की ते फुगतं, स्लेव्हला ढकलतं, क्लच सोडवणारं बेअरिंग दाबून बसतं आणि प्लेट घसरते. तापल्यावरच का घसरते, याचं उत्तर हे.

गंज पॉलिश पेपरने घासून निघाला, पण खड्डे राहिले. खड्ड्यांवरून रबर फिरलं की कापलं जाणारच, म्हणून सिलिंडर एसटीने कोल्हापूरला गेला, उद्यमनगरात. तिथे लेथवर बोअर वाढवून पितळी स्लीव्ह (आतली नळी) बसवली आणि मूळ मापाला आणली. पितळेला गंज नाही. माप मूळचंच, त्यामुळे रबरं मापाने मिळाली. परत आल्यावर डब्याच्या बाजूने फुंकर मारून वाट मोकळी असल्याची खात्री केली.

जोडताना एकच जागा नाजूक आहे. व्हॉल्व्हच्या मागे एक किंचित वाकलेला वायसर असतो, नखाएवढा. तो राहिला किंवा उलटा बसला तर सगळी मेहनत पाण्यात. रबरांना फक्त ताजं ब्रेक ऑइल लावायचं. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की रबर फुगतं आणि पिस्टन पुन्हा अडतो. ऑइल नवा डबा फोडूनच घेतलं, कारण उघड्या डब्यातलं ऑइल आपल्या हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारायचं, नाहीतर रंग उतरतो.

लाइनमधली एअर काढायला पुतण्या पेडलवर बसला. "दाब", "धर", "सोड" एवढ्यावर काम झालं, फक्त "सोड" म्हणायच्या आधी निपल बंद झालाच पाहिजे.

पेडल आता स्वतःहून वर येतं. इंजिन पुरतं तापवून हातखंब्याचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढवला, घसरण नाही. शेजारच्या ब्रेकच्या सिलिंडरचा बूटही तसाच फाटलेला होता, त्यामुळे तो सिलिंडर पुढच्या एसटीने कोल्हापूरला गेलाय. तो येईपर्यंत गाडी शेडमध्ये.