‘इलेव्हन’मधला फ: रिक्त की लिप्त?

या महिन्यात इंग्रजी ‘हंड्रेड’ची व्युत्पत्ती हातावेगळी करीन, जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत) ‘हुन्द्राद’ म्हणजे 120 कसे ते लिहीन, असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. त्या शब्दाचं टिपणाचं कार्ड अजून कोरंच आहे. मी अकरा-बारापाशीच अडकलोय. काल रात्री तिथं एक वाट दिसली, म्हणून ही घाईची नोंद.

‘इलेव्हन’, ‘ट्वेल्व्ह’चे गॉथिकमधले (इंग्रजीची जुनी, आता लुप्त झालेली नातलग भाषा) भाऊबंद ‘ऐनलिफ’, ‘ट्वालिफ’ आठवत असतील: दहा मोजून झाले, वर एक उरला, दोन उरले. आपल्या एकादश-द्वादशात दहा आहे, इथं दहाचं नावही नाही. लिथुआनियनमध्ये हीच रीत ‘व्हिएनुओलिका’पासून थेट एकोणिसापर्यंत चालते. तिथल्या ‘लिका’चा धातू, संस्कृत-लॅटिन-इंग्रजीच्या समान पूर्वज भाषेतला, लेइक्व्, म्हणजे सोडणे, उरणे. आपला ‘रिक्त’ त्याच घरातला. मी आनंदाने ‘लिफ’ही त्याच कार्डावर चढवला होता.

ते कार्ड फाडावं लागलं. त्या पूर्वज भाषेतले ध्वनी इंग्रजी-गॉथिकच्या जर्मानिक घराण्यात कसे बदलले, ते ग्रिमचा नियम सांगतो; त्याने क्व् चा ह्व् व्हायला हवा: संस्कृत ‘कः’, जुनं इंग्रजी ‘ह्वा’, आजचं ‘हू’. खुद्द लेइक्व् पासून गॉथिकमध्ये ‘लीह्वन’, उसनं देणं, आलंय, ते चोख ह्व् सकट. मग ‘लिफ’मध्ये फ कुठून? त्याच नियमाने प पासून आला म्हणावं तर धातू लेइप् ठरतो, चिकटून राहणे: आपला लेप, लिंपणं, आणि इंग्रजी ‘लीव्ह’. रिक्त आणि लिप्त ही अर्थाची दोन टोकं, पण दोन्ही वाटा ‘मागे उरणे’पाशी येऊन मिळतात! अर्थावरून निवाडा होईना. तीन आठवडे या एका फ ने खाल्ले. व्युत्पत्तीच्या एका मोबाइल ॲपने तर दोन्ही धातू एकच म्हणून दिले होते. ते काढून टाकलं. कोलोन विद्यापीठाने संगणकावर आणलेले संस्कृत कोश मात्र सोन्यासारखे आहेत, रिच् आणि लिप् शेजारी-शेजारी उघडून बघा.

वाट दिसली ती ‘फोर’मुळे. चत्वारः, लॅटिन ‘क्वात्तुओर’; म्हणजे इंग्रजीतही सुरुवातीला ह्व् हवा होता. माझ्या कार्डावर कारण लिहिलंय: शेजारच्या ‘फाइव्ह’ची ओढ. मोजताना पुढचा आकडा जिभेवर आधीच तयार असतो. लिथुआनियन नऊ, ‘देव्हीनी’, त्याचा द असाच दहाकडून आलाय. पण मग ‘वुल्फ’चं काय? संस्कृत वृक, आणि लांडगा काही आकड्यांच्या रांगेत उभा नसतो. जुन्या नॉर्समधल्या लांडगिणीत, ‘इल्गर’मध्ये, मूळ कंठ्य ध्वनी ग होऊन टिकलाय, लांडग्यात मात्र फ. (चौथ्या शतकात बायबल गॉथिकमध्ये आणणाऱ्या वुल्फिलाच्या नावाचा अर्थच छोटा लांडगा. ‘ट्वालिफ’ आपल्याला ज्याच्यामुळे कळतो, त्याच्या नावातही हाच फ!)

कार्डं जमिनीवर मांडली. वुल्फच्या मुळात व, चाराच्या ‘क्वेत्वोर’मध्ये व, पाचाच्या ‘पेन्क्वे’त प. शब्दात दुसरा ओष्ठ्य वर्ण असला की क्व् ओठांकडे सरकून फ होतो. लीह्वनमध्ये तसा वर्ण नाही, तिथं ह्व् राहिला. आणि ‘ट्वालिफ’मध्ये व आहे! ‘ऐनलिफ’मध्ये नाही, पण पाचाने चाराला ओढलं असेल, तर बाराने अकराला का नाही? अनुमान माझं आहे, तपासून सांगा. माझ्यापुरता ‘रिक्त’ परत आलाय, आणि मला त्याचा मनापासून आनंद झालाय.

हे लिहिता लिहिताच चाक आडवं आलं. चक्र, मूळ ‘क्वेक्व्लो’, इंग्रजी ‘व्हील’. एका शब्दात दोन-दोन क्व्, तरी फ कुठेच नाही. जुन्या इंग्रजीतही ‘ह्वेओल’च. तिथला ओठ क्व् च्या पोटातलाच आहे, वेगळा व किंवा प नाही, एवढ्यावर ते सुटेल का?

म्हणून ‘हंड्रेड’ पुन्हा पुढे. आधी मुळात क्व् असलेले जर्मानिक शब्द दोन गठ्ठ्यांत लावतो: फ झालेले आणि न झालेले. दुसऱ्या गठ्ठ्यात पहिलं कार्ड ‘व्हील’चं.