नववी ब आणि रिगमरोल

आमच्या इंग्रजीच्या सरांना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की ते आधी त्या शब्दाचं गाव विचारायचे. शब्द कुठला, कुणाच्या घरचा, हे कळलं की अर्थासाठी घोकंपट्टी करावी लागत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यात निम्मा तास जायचा, तरी पोर्शन मात्र वेळेत पुरा व्हायचा. कसं जमवत, ते तेच जाणोत.

नववीत त्यांनी फळ्यावर ‘रिगमरोल’ लिहिलं. अर्थ सांगितला तो चार शब्दांत: ना शेंडा ना बुडखा असलेलं बोलणं. आणि मग आम्हाला थेट स्कॉटलंडला नेलं. १२९६ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं डनबारच्या लढाईत स्कॉट सैन्याचा धुव्वा उडवला, त्यांचा राजा जॉन बॅलिओल याला पायउतार केलं आणि राज्याभिषेकाची शिळासुद्धा उचलून वेस्टमिन्स्टरला नेली. (ती परत गेली १९९६ साली. सरांना हे कळलं असेल का, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता.) ऑगस्टमध्ये बेरिक गावी स्कॉटलंडच्या सरदारांकडून, जमीनदारांकडून, धर्मगुरूंकडून एकनिष्ठतेच्या शपथा लिहून घेतल्या. नावांमागून नावं, चर्मपत्राला लोंबणाऱ्या मोहरा. या गुंडाळ्यांना ‘रॅगमन रोल’ म्हणतात. पुढे १३०६ मध्ये स्वतःच राजा होऊन इंग्लंडशी लढलेल्या रॉबर्ट ब्रूसचंही नाव त्या यादीत आहे, हे सांगताना सरांना भारी मजा वाटायची.

त्याच नावाचा एक खेळही त्या काळी होता. चर्मपत्रावर ओळीनं कडवी लिहायची. प्रत्येक कडव्यात एकेका माणसाचा स्वभाव, कुठे स्तुती, कुठे चक्क वाभाडे. प्रत्येक कडव्याला एक दोरा लावून तो बाहेर सोडायचा आणि पत्र गुंडाळायचं. पाहुण्यांनी दोरा ओढायचा. जे कडवं निघेल ते तुमचं.

सर सांगून थांबणारे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी आम्हा प्रत्येकाकडून त्यांनी एकेक ओळ लिहून घेतली, ड्रॉइंगच्या कागदावर एकाखाली एक चिकटवली, शिवणाच्या बाईंकडून आणलेले दोरे लावले आणि गुंडाळी टेबलावर ठेवली. वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीला निघालं, ‘हिच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मायचाय’. मॉनिटरला निघालं, ‘हा मधल्या सुट्टीआधीच डबा संपवतो’, आणि ते खरंही होतं. हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग सरांनी गुंडाळी पूर्ण उलगडली आणि गंभीर चेहऱ्यानं वरपासून खालपर्यंत एका दमात वाचली, जणू एकच निबंध आहे. कुलूप, डबा, गणिताची भीती, कुणाची तरी म्हैस, पुन्हा डबा. वाचून झाल्यावर फळ्यावरच्या शब्दाकडे फक्त बोट दाखवलं.

रॅगमन रोलचं बोलता बोलता रिगमरोल झालं आणि अठराव्या शतकात हा शब्द असंबद्ध बडबडीसाठी रूढ झाला. मराठीत आपण ‘चऱ्हाट लावलंय’ म्हणतो. तिथेही दोरीच, हा योगायोग सरांनी आम्हाला सांगितला नव्हता. तो मला पुष्कळ उशिरा सुचला.

आता मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. इंग्रजीत या शब्दाला चिकटलेला दुसरा अर्थ, म्हणजे नको तितकी लांबलेली कागदोपत्री कटकट, हा तर माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. पक्षकार समोर बसतो आणि आजोबांच्या विहिरीपासून सुरुवात करतो. मधे चुलत्याचं लग्न, बैलजोडी, कुणीतरी मुंबईला गेलेलं. माझा ज्युनिअर घड्याळ बघतो. मी मात्र बोलू देतो, कारण वाटणीपत्रावर सही कुणी केली नाही हे बहुतेक वेळा त्या लग्नातच कुठेतरी दडलेलं असतं.