रथसप्तमीची बेरीज

पळसाच्या द्रोणात सरकीचे बारा दाणे घालून तो प्रत्येकाच्या उजव्या हाताशी ठेवायचा आणि एक सूर्यनमस्कार पुरा झाला की एक दाणा उचलून डावीकडे सरकवायचा, अशी आमच्या मंडळाची मोजणीची रीत होती. कापसाच्या मुलखात सरकीला तोटा नव्हता, ढेपेच्या दुकानातून ओंजळभर मागितली तरी पैसे कोणी घेत नसे. मात्र सरकीच्या अंगाला कापसाची लव राहिलेली असते, त्यामुळे दोन दाणे एकमेकांना धरून बसतात, आणि माघातल्या पहाटेच्या अंधारात गारठलेल्या बोटांना ते कळत नाही. त्यामुळे कोणाचे अकराच नमस्कार होत, तर कोणी बारा पुरे करूनही द्रोणात एक दाणा शिल्लक कसा, या विचारात पडे. ज्याला चुकवायचेच असे, तो दोन दाणे मुद्दाम चिकटवून घेई. मी तिसरीत असताना हा उद्योग सलग चार दिवस केला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आमचे मंडळ खानदेशातल्या अमळनेरातले. बोरी नदीच्या अलीकडे असलेल्या एका शाळेचे पटांगण त्यासाठी मिळत असे. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला, म्हणजे गीताजयंतीला, साधनेचा आरंभ व्हायचा आणि माघ शुद्ध सप्तमीला, रथसप्तमीला, तिची सांगता व्हायची. मधल्या सुमारे ५५ दिवसांत रोज पहाटे मुले, त्यांचे आईवडील, मिलमधून निवृत्त झालेले कामगार आणि बाजारपेठेतले दोन-चार दुकानदार अशी सगळी मिसळ तेथे जमत असे. आरंभाच्या संध्याकाळी गीतेच्या पंधराव्या अध्यायाचे २० श्लोक सर्वांनी मिळून म्हणायचे, आणि मग वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट काढायचे. १९३२ साली विनोबांनी त्या तुरुंगात दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. साने गुरुजी त्याआधी अमळनेरच्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, हे सांगताना बोलणाऱ्याची मान थोडी ताठ होत असे. आम्हा मुलांना त्या गोष्टीत रस होता तो एवढ्याचसाठी, की ती सुरू झाली की प्रसादाची ताटली फिरायला लागे.

खरा सोहळा रथसप्तमीचा. आदल्या संध्याकाळी पटांगण झाडून सडा घातला जाई, फक्कीने रांगा आखल्या जात, आणि प्रत्येक जण आपापले बारदान किंवा घोंगडी घेऊन पहाटे साडेपाचला हजर होई. योगासाठी निराळी चटई असते, हे आम्हाला फार पुढे कळले. एका कोपऱ्यात गोवऱ्या रचून त्यांवर मातीच्या बोळक्यात दूध ठेवलेले असे, ते पूर्वेकडे उतू गेले की सूर्याला नैवेद्य पोहोचला, अशी समजूत. सात वाजून गेल्यावर नदीपलीकडच्या झाडांवर पहिला तांबूस पट्टा दिसे आणि आमच्या मंडळाचे गुरुजी सूर्याच्या बारा नावांतले पहिले नाव उच्चारत : ॐ मित्राय नमः.

ही बारा नावे आम्ही अर्थ कळण्यापूर्वी पाठ केली, आणि म्हणूनच ती आमच्या तोंडात जाऊन भलतीच व्हायची. मरीची म्हणजे किरण, पण नंदुरबारकडून शिकायला आलेला आमच्या वर्गातला एक मुलगा दर वेळी खड्या आवाजात ‘ॐ मिरचीये नमः’ म्हणायचा. ज्याच्या घरासमोर दर हिवाळ्यात लाल मिरची वाळत घातलेली असायची, त्याने सूर्याला मिरची म्हणावे यात त्याची फारशी चूक नव्हती. पूष्णे म्हणजे पोषण करणारा, त्याचे आम्ही ‘पुसणे’ केले होते. खगाय म्हणजे आकाशात संचार करणारा, त्यातली गाय आम्हाला तेवढी ओळखीची वाटे. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांची अडचण वेगळी होती. अहिराणीत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात आणि ‘शाळे’ची ‘शाया’ होते, म्हणून तेरावा नमस्कार घालताना श्रीसवितृसूर्यनारायणाय या लांबलचक नावातला ‘ण’ हटकून ‘न’ होई. गुरुजींनी या कारणावरून कोणालाही हसू दिले नाही. ते स्वतः घरी अहिराणीच बोलत.

उच्चार सुधारण्याची त्यांची युक्ती मात्र मी अजून विसरलेले नाही. संध्याकाळच्या पाठांतराच्या वर्गात ते पणती लावून मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरत आणि ‘भीमरूपी महारुद्रा’ म्हणायला सांगत. ‘भ’ आला की ज्योत झुकायची, ‘म’ला स्थिर राहायची, ‘रु’ला जेमतेम हलायची. ख, घ, थ, ध, फ, भ ही महाप्राण व्यंजने, म्हणजे त्यांच्या उच्चारात श्वास जोराने बाहेर पडतो, हे व्याकरणाच्या पुस्तकात आम्ही नंतर वाचले, पण डोळ्यांनी ते आधीच पाहिले होते. ‘फळ’ म्हणताना ज्याची ज्योत हलत नसे त्याने ‘पळ’ म्हटले, असा सरळ न्याय होता. यानंतर पणती आणखी जवळ आणून ते ॐकार म्हणायला लावत. ‘ओ’ म्हणताना ज्योत थोडी थरथरायची आणि ओठ मिटून ‘म’ सुरू झाला की अगदी सरळ उभी राहायची, कारण आता तोंडावाटे वारा येतच नसे. तो ‘म’ जितका लांबवता येईल तितका लांबवायचा. माझा जास्तीत जास्त मनातल्या मनात अठरापर्यंत पोहोचायचा. शेजारी बसणारे आजोबा मिलमध्ये साच्यांवर काम करून निवृत्त झालेले होते, त्यांचा तिसापुढे जायचा. एकदा मी विश्वास न बसून त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला. लोकरीच्या जाड कोटाखालून मांजर गुरगुरावे तशी बारीक थरथर हाताला लागली, आणि ती थांबेपर्यंत मला स्वतःला दोनदा श्वास घ्यावा लागला.

माझ्या मते आमच्या मंडळाला जे काही शहाणपण होते ते या एका गोष्टीत होते, की आसन आणि पठण यांना त्यांनी कधी वेगळे काढले नाही. रामरक्षा अनुष्टुभ छंदात आहे, एका चरणात ८ अक्षरे आणि श्लोकात ३२. मुलांनी एका श्वासात अर्धा श्लोक म्हणायचा आणि मोठ्यांनी पुरा, असा नियम होता. प्राणायाम हा शब्दसुद्धा न उच्चारता ३८ श्लोकांमध्ये श्वास घेणे थोडके आणि सोडणे प्रदीर्घ, हा अभ्यास आपोआप होत असे. पुढे मंडळात येणाऱ्या एका डॉक्टरांनी २००१ साली ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेले संशोधन आम्हाला समजावून सांगितले होते. इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला, तेव्हा दोन्ही वेळा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे ६ वेळांवर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लयही त्याच्याशी जुळली. हे ऐकून आमचे गुरुजी फारसे चकित झाले नाहीत. रामरक्षा घड्याळ लावून मोजून पाहा, एवढेच ते म्हणाले, आणि आम्ही त्या दिवशी खरोखरच मोजत बसलो.

मोजण्याचे वेड या गावाला जुने आहे. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, त्याआधी अमळनेरात खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते आणि तेथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२३ साली ते महाविद्यालय बंद झाले आणि गुणे योगाच्या शास्त्रीय अभ्यासाकडे पूर्णपणे वळले. क्ष-किरण आणि दाबमापक लावून त्यांनी यौगिक क्रिया तपासल्या, नौलीच्या, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याच्या क्रियेच्या वेळी पोटात कमी होणारा दाब मोजला आणि हे सगळे ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून छापले. आमच्या सांगतेच्या दिवशी त्यांची आठवण निघाल्यावाचून राहत नसे. त्यांच्या गावात सरकीचा दाणा लपवणे शोभत नाही, असे गुरुजी सर्वांकडे पाहून बोलायचे, तेव्हा मी मान खाली घालून घोंगडीचे धागे उसवत बसायचे.

सगळी वर्षे अशी गोड गेली असे नाही. एका वर्षी बाहेरगावच्या एका शिक्षकांना पाहुणे म्हणून बोलावले, आणि त्यांनी मुलांची कपालभातीची स्पर्धा लावली. मिनिटात श्वासाचे जास्तीत जास्त झटके कोण देतो ते पाहायचे. तिसऱ्या मिनिटाला पाचवीतला एक मुलगा पांढराफटक पडून बसला तिथेच कलंडला. त्याला आडवे करून पाय उंच धरले, थोड्या वेळाने तो उठला आणि पहिला नंबर कोणाचा म्हणून विचारू लागला. गुरुजी पाहुण्यांदेखत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आम्हाला फळ्यावर धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती ही सहा नावे लिहून दाखवली आणि हठयोगाच्या ग्रंथांत कपालभाती ही शुद्धिक्रियांमध्ये मोडते, शर्यतींमध्ये नव्हे, असे सांगून फळा पुसून टाकला. त्यानंतर मंडळात कशाचीच स्पर्धा झाली नाही. नमस्कार मोजले जात ते सर्वांचे मिळून एका वहीत, नावापुढे क्रमांक न घालता.

सांगतेचे जेवण म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, त्याविषयी खानदेशी माणसाला अधिक सांगायला नको. तुपात तळलेल्या चार बट्ट्या पोटात गेल्यावर करण्याजोगे एकच आसन उरते, ते वज्रासन, आणि जेवणानंतर ते चालते या शास्त्राधाराचा आमच्या पंगतीने पुरेपूर लाभ घेतला. दुपारी एकच्या सुमारास पटांगणात पन्नास-साठ माणसे वज्रासनात बसून पेंगत आहेत, हे दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

आता २१ जूनला सगळीकडेच योग होतो. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव केला, १७७ देश त्याचे सहप्रस्तावक होते, आणि २०१५ पासून तो दिवस आमच्या शाळेतही साजरा होतो. त्या ४५ मिनिटांच्या कार्यक्रमाची सुरुवात ‘संगच्छध्वं’ने आणि शेवट ‘सर्वे भवन्तु सुखिनः’ने होतो, ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण पाऊस लांबलेला असला की खानदेशातला जून अंगाची लाही करतो, आणि छायाचित्र नीट यावे म्हणून ताडासनात ताटकळलेली पोरे पाहिली की मला माघातली ती गार पहाट आठवते.

त्यातल्या त्यात एक रथसप्तमी अधिक आठवते. वही सांभाळणारे जिभाऊ पेढीवर मुनीम होते. त्या वर्षी आमच्या गल्लीतली मोठमाय, सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले, नऊवारीवर शाल गुंडाळून पहाटे पटांगणाच्या कडेला पायरीवर येऊन बसली. तोवर बायका पठणाला येत, नमस्कारांच्या रांगेत मुलींखेरीज कोणी नसे. मोठमायने बाराच्या बारा नावे आमच्याबरोबर म्हटली, ‘मरीचये’सुद्धा अगदी स्पष्ट, आणि प्रत्येक नावाला हात जोडून कपाळाला लावले. कार्यक्रम संपल्यावर ती जिभाऊंपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मन्हं बी नाव लिखी ल्या.”

यावर चांगलाच वाद झाला. साष्टांग घातल्याशिवाय नमस्कार कसा, दोन पावले, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ अशी आठ अंगे भूमीला लागली पाहिजेत, असे एक दुकानदार काका हिरिरीने सांगत होते. दुसरे म्हणत होते की मंत्र तिचे पुरे झाले, श्वासही पुरे झाले, उरले ते गुडघ्यांचे, आणि त्याला ती काय करणार. गुरुजी दुधाच्या बोळक्याशी उभे राहून ऐकत होते आणि मध्ये पडायला तयार नव्हते. शेवटी मोठमायच म्हणाली की पुरा नसेल तर अर्धा धरा, आणि आज पडशाने बेजार होते, एक नाव खोकल्यात गेले, ते मोजू नका. जिभाऊंनी बोटांवर हिशेब केला, अकरा अर्धे म्हणजे साडेपाच, आणि वही पुढे ओढून तिच्या नावासमोर पेढीवरच्या सवयीने जुन्या रीतीचा आकडा मांडला, पाचावर अर्ध्याच्या दोन उभ्या रेघा : ५॥. मग पान उलटून त्यांनी वर्षाची बेरीज केली, आणि तिच्याही शेवटी त्या दोन रेघा आल्या.

ती वही सर्वांना पाहता यावी म्हणून दिवसभर व्हरांड्यातल्या टेबलावर उघडी ठेवलेली होती. दुपारी पंगत उठल्यावर मिरचीये म्हणणारा तो मुलगा बट्टीचे तुपट हात चड्डीला पुसत तिच्यावर वाकला आणि जिभाऊंना म्हणाला, “जिभाऊ, हा आकडा श्लोकासारखा का संपवला?”