बेअरिंग अपग्रेड करायचं तर पैसे सीलवर घाला

सिरॅमिक बेअरिंग टाकलं की सायकल पळते, असं सांगून काही हजार रुपये मागितले जातात. मुंबईत रोज चालणाऱ्या सायकलवर ते घालू नका. इथे बेअरिंग झिजून जात नाही, पाणी शिरून जातं. जूनपासून चार महिने पाऊस आणि मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी फेसला भरतीचे शिंतोडे. ज्या बेअरिंगचं सील, म्हणजे कडेचं झाकण, पाणी बाहेर ठेवेल तेच इथे चांगलं.

वेगाचा हिशोब सोपा आहे. ७००सी मापाच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. ताशी ३० किलोमीटरला चाक मिनिटाला जेमतेम २४० फेरे घेतं. गिरणीची १४४० फेऱ्यांची मोटरसुद्धा साध्या स्टीलच्या बेअरिंगवर वर्षानुवर्षं चालते. सायकलच्या ताशी ३० च्या वेगाला तुम्ही दीडशे वॅटच्या आसपास ताकद लावत असता. त्यातली बहुतेक वारा आणि टायर खातात, दोन्ही हबच्या (चाकाच्या मधल्या, एक्सलभोवतीच्या भागाच्या) बेअरिंगांत मिळून एक-दोन वॅट जातात. काळी, चिकट झालेली चेन एकटी त्याहून जास्त खाते. सिरॅमिकचे छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात आणि ते गंजत नाहीत, हे खरं. पण ते ज्यावर फिरतात ती रिंग बहुधा स्टीलचीच असते. खारं पाणी शिरलं की रिंगवर खड्डे पडतात आणि मग कडक छर्रे ती आणखी लवकर खराब करतात.

एबीईसी ५, ७, ९ हे बेअरिंगच्या दर्जाचे म्हणून सांगितले जाणारे आकडे फक्त मापातली अचूकता सांगतात. सील, ग्रीस किंवा स्टीलचा दर्जा त्यातून कळत नाही. चाक उचलून हाताने फिरवून दाखवलं तरी भुलू नका. सील ढिलं आणि ग्रीस पातळ असलं की बिनवजनाचं चाक जास्त वेळ फिरतं, आणि तेच बेअरिंग पावसात आधी जातं.

विकत घेताना नंबर पाहा: ६९०२ म्हणजे १५ × २८ × ७ मिलिमीटर (आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी), ६००१ म्हणजे १२ × २८ × ८. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, ते धूळ अडवतं, पाणी नाही. नागदेवी स्ट्रीटला हे नंबर सहज मिळतात. नामांकित कंपन्यांच्या नावाचा नकली मालही बाजारात असतो, म्हणून बिल देणाऱ्या डीलरकडूनच घ्या. बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्या. तेवढ्याच व्यासाचा सॉकेट लावून सरळ दाबायचं. आतल्या रिंगवर हातोडी मारली की छर्ऱ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं.

खरा फायदा देणारं अपग्रेड बीबीचं (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो तो भाग) आहे. सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी तिथेच साचतं, आणि सुट्या छर्ऱ्यांच्या बीबीला सील जवळपास नसतंच. चौकोनी एक्सलचा क्रँक असेल तर सीलबंद कार्ट्रिज बीबी साधारण हजार रुपयांत येतो आणि कित्येक पावसाळे काढतो. बीबीच्या नळीची रुंदी (बहुधा ६८ मिलिमीटर) आणि एक्सलची लांबी मोजून घ्या. लांबी चुकली तर चेन तिरकी चालते. इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने जोर लावून कपाचे दातेच जातात. कॉटर पिनच्या जुन्या काळ्या सायकलींना हा बीबी बसत नाही.

सुट्या छर्ऱ्यांचं हब मात्र बदलू नका. नीट ठेवलेलं कप-कोन हब (छर्रे हबमधला कप आणि एक्सलवरचा निमुळता कोन यांच्यामध्ये फिरतात ते) उत्तम चालतं आणि छर्रे-ग्रीसचा खर्च शे-दोनशेच्या आत राहतो. बहुतेक हबना पुढे दर बाजूला ३/१६ इंचाचे १० आणि मागे १/४ इंचाचे ९ छर्रे लागतात, तरी काढताना मोजा. कोन डिझेलने धुऊन त्यावर बॉलपेनचं टोक ओढा. टोक अडकलं तर खड्डा आहे आणि कोन बदलायचा. खड्ड्याच्या कोनवर नवे छर्रे घालणं म्हणजे पैसे वाया. छर्रे सगळे एकदम, एकाच पाकिटातले घाला. जुन्या-नव्यांच्या मापात बारीक फरक असतो आणि सगळा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो. ग्रीस सढळ हाताने भरा, इतक्या कमी फेऱ्यांना जास्त ग्रीसचा त्रास नाही. साधं एपी-३ ग्रीस चालतं, खाऱ्या पाण्यासाठी कॅल्शियम सल्फोनेटचं अधिक टिकतं.

कोन कसताना सगळ्यात जास्त चुका होतात. क्विक रिलीजच्या (लिव्हरने चाक सुटणाऱ्या) हबला लिव्हर उघडा असताना किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, ठेवा. लिव्हर दाबला की एक्सल दबतो आणि तो प्ले निघून जातो. टेबलावर एकदम बरोबर वाटणारं हब फ्रेममध्ये आवळलं जातं आणि थोड्याच दिवसांत कोन खातं. नटबोल्टच्या एक्सलला प्ले ठेवायचा नाही. कोनला पातळ पाना लागतो (शिमानोला पुढे १३, मागे १५), साध्या पान्याने कोनच्या कडा गोल होतात.

एकदा मे महिन्यात आणि एकदा खंडेनवमीच्या सुमारास हब उघडा. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेत चाक हबपर्यंत बुडालं असेल तर तेवढी वाट पाहू नका, त्याच आठवड्यात उघडा. सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, बीबीत साचलेलं पाणी निघून जाईल. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाने सायकल धुऊ देऊ नका आणि हबवर गंज सोडवणारा स्प्रे मारू नका: पंप सीलमधून पाणी आत घुसवतो, स्प्रे ग्रीस विरघळवतो.